जाधवकाकांचा कर्मणी प्रयोग

"चहा प्यायला गेला," जाधवकाका दारातूनच म्हणाले.

"कोण गेला?"

"चहा!"

मी चुकून जिन्याकडे बघितलं. मग उलगडा झाला. काकांचा चहा पिऊन झाला होता.

काका आमचे शेजारी. मूळचे खारबावचे, उभा जन्म भिवंडीच्या लूमच्या खडखडाटात गेला. रिटायर झाल्यावर मोबाइलवर स्पॅनिश शिकायला बसले. गाडी कर्मणी प्रयोगापर्यंत आली आणि तिथेच रुतली. तेव्हापासून काका मराठीतसुद्धा स्वतः काही करत नाहीत. आंघोळ केली जाते. पेपर वाचला जातो.

"सोपं हाय," ते मला शिकवतात. "‘फुए’ म्हंजे ‘गेला’. ते लावायचं, पुढं क्रियापदाचं शेपूट सांभाळायचं. बाईला ‘आ’, बाप्याला ‘ओ’."

मध्यंतरी गच्चीवरची टाकी रात्रीत रिकामी झाली. सगळे जिन्यात जमले. सेक्रेटरी मोमीनभाई कडाडले, "व्हॉल्व किसने खुला छोडा?"

काका पुढे झाले. "ला बाल्बुला फुए आबिएर्ता. व्हॉल्व उघडला गेला. स्पॅनिशमधी व्हॉल्व बाई असतो."

"बाई असो नाहीतर बुवा! खोला किसने?"

"कर्ता सांगायची सक्ती न्हाय."

मोमीनभाईंनी टँकर मागवला आणि पाइपचं तोंड काकांच्या हातात दिलं. "अब ये पकडा जाए!"

टाकी भरेपर्यंत काका भर उन्हात गच्चीवर उभे.

हे स्पॅनिशचं खूळ कशासाठी, ते मला गेल्या रविवारी कळलं. काकांची मुलगी स्पेनमध्ये नर्स आहे, लग्नही तिकडेच केलं. नात माया पाच वर्षांची, तिला मराठी येत नाही. काकू गेल्यापासून काका एकटेच. व्हिडिओ कॉलसाठी त्यांनी मला फोन धरायला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून, ओठांतल्या ओठांत घोकत बसले होते.

माया पडद्यावर आली. काका ताठ झाले. "आकी से ते एचा दे मेनोस."

मग मला हळूच म्हणाले, "इथं तुझी आठवण काढली जाते."

मायाने मान तिरकी केली. "किएन?"

कोण? एवढं मलाही समजलं. काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता व्याकरण निघणार.

त्यांनी छातीवर हात ठेवला. "यो," म्हणाले. "मी गं बाय. मी काढतो."

माया हसली, हात हलवून पळाली. कॉल संपला. मी फोन परत दिला. काका उठले. "थांब, मी चहा टाकतो."