दादा पेटीवर बसले

“हा सिलिंडर मी संक्रांतीपर्यंत पुरवून दाखवतो!” पंच्याऐंशीच्या दिवाळीत दिनानाथ सामंतांनी बायकोला, जयमालाला, छातीठोकपणे सांगितलं.

बेलापूरच्या सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि काटकसर हा त्यांचा दुसरा धर्म होता. कचेरीने फेकायला काढलेलं देवदारी खोकं त्यांनी घरी आणलं, करावे गावातून नवा पेंढा आणून त्यात ठासून भरला आणि वर भक्कम झाकण बसवून पेटी केली. उकळी आली की पातेली उचलून पेंढ्यात ठेवायची. भात आपला आपण शिजतो, वर तासन्‌तास गरम! झाकणावर गोधडी घातली की बसायला बाकडंही झालं. खुर्ची घ्यायचा प्रश्नच मिटला! एका वस्तूने एकच काम करणं ही दिनानाथांच्या लेखी उधळपट्टी होती.

जयमालाला पेटीचं काही पडलं नव्हतं. तिला काळजी होती मधुकरदादांची. आईवडील गेल्यापासून समुद्रकाठच्या मोऱ्याला राहणारा हा थोरला भाऊ म्हणजेच तिचं माहेर. मागच्या भाऊबीजेला ते संध्याकाळी आले होते. दिनानाथांनी त्यांना आधी गॅलरीतून उठवून आत बसवलं. मग “दोन खोल्यांत दोन दिवे कशाला?” म्हणून तिथूनही उठवून स्वयंपाकघरात नेलं. तिथून दादा आपणहून उठले, ते थेट चपला घालून एस.टी. स्टँडवर गेले. न जेवता! त्यानंतर वर्षभर साधं पत्र नाही. यंदाही ते रुसून गेले असते, तर जयमालाला माहेर उरलं नसतं.

“या वेळी दादाला बसल्या जागेवरून उठवायचं नाही,” तिने बजावलं. “देवापुढे शपथ घ्या.”

दिनानाथांनी घेतली. शपथेला खर्च नव्हता.

भाऊबीजेच्या दुपारी दादा आले. एस.टी.त गुडघे आखडले होते. समोर गोधडी दिसली आणि “हुश्श” करून ते पेटीवर बसले.

जयमाला पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थबकली. मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याचा रस्सा, सगळा स्वयंपाक दादांच्या खाली होता! तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने देवाकडे पाहिलं.

“दादा, गॅलरीतून खाडी काय सुंदर दिसते!” दिनानाथांनी सुरुवात केली.

“खाडी काय बघायची? मी मोऱ्याचा माणूस!”

“मग हातपाय धुऊन घेता?”

“खाली नळावर धुतले. तुमचं पाणी कशाला वाया घालवू?”

हा टोमणा दिनानाथांनी गिळला.

“ओवाळायला पाट मांडलाय दादा,” जयमाला आशेने म्हणाली.

“पाटावर मला बसवत नाही गं आता. तोंड पूर्वेलाच आहे. इथंच ओवाळ.” मग दादा जरा विसावून म्हणाले, “काही म्हण जया, इथं बसल्यावर कमरेला छान शेक लागल्यासारखं वाटतंय. बहिणीची माया म्हणतात ती हीच असेल!”

दिनानाथांना घाम फुटला. शेक इतका बाहेर येत होता, म्हणजे आत भात गार होत असेल!

जयमालाने ओवाळलं. दादांनी तबकात पाकीट टाकलं आणि म्हणाले, “आता वाढ. ताट इथंच हातात दे.”

ती काय वाढणार! मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. ताटाची डावी बाजू तिने नीट मांडली, दोन पोळ्या ठेवल्या आणि ताट दादांच्या हातात दिलं. उजवी बाजू लख्ख रिकामी!

दादा वाट बघत राहिले. दिनानाथ हवापाण्यावर बोलत राहिले. हळूहळू दादांचा चेहरा उतरला. त्यांनी ताट मांडीवरून खाली ठेवलं.

“जया,” ते अगदी हळू म्हणाले, “घरात नसेल तर सांगायचं. मी डबा घेऊन आलो असतो. मी काय परका आहे?”

आता मात्र दिनानाथांना राहवलं नाही. या माणसाला आपण कंजूस वाटतो याची त्यांना सवय होती, पण भावासमोर मान खाली घालून उभी असलेली बायको त्यांना बघवेना. त्यांनी शपथ मोडायला तोंड उघडलं, तोच जयमाला ओरडली, “दादा, ऊठ!”

दादा ताडकन उठले. चेहऱ्यावर मागच्या वर्षीचा सगळा अपमान परत आला. पण ते चपलांकडे वळायच्या आत जयमालाने गोधडी ओढून झाकण उघडलं. मसालेभाताचा वास घरभर पसरला.

दादांनी पेटीत पाहिलं. मग गोधडीकडे. मग दिनानाथांकडे.

“म्हणजे मी माझ्याच जेवणावर बसलो होतो?”

“तुम्हाला उठवायचं नाही, अशी हिने शपथ घातली होती,” दिनानाथ पुटपुटले.

दादा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. जयमालाच्याही आलं, पण ते हसण्याचं नव्हतं. दादा तीनदा भात घेऊन जेवले. निघताना म्हणाले, “जया, त्या पाकिटातून आधी खुर्ची घे!”

खुर्ची आली. पुढच्या भाऊबीजेला दिनानाथांनी ती पुसून दारासमोर मांडली, आणि दादांचा मान राखायचा म्हणून त्या दिवशी सगळा स्वयंपाक मुकाट्याने गॅसवर होऊ दिला. दादा आले. त्यांनी खुर्ची पाहिली, तिला वळसा घातला आणि गोधडीवर जाऊन बसले. थोडा वेळ थांबून त्यांनी गोधडीवर हात फिरवला. ती गार होती.

“काय दिनानाथराव,” ते नाराजीने म्हणाले, “काटकसर सोडलीत वाटतं?”