चपला काढता काढता दिसेल ती सुधारणा

कुठलीही वस्तू जुनी झाली की लोक तिला विसरतात, आणि फारच जुनी झाली की तिच्यासाठी समिती नेमतात. आमच्या घरातल्या टीव्ही गेमने हा दुसरा टप्पा गेल्या दिवाळीत गाठला. करी रोडची चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा सासूबाईंचा पाटा-वरवंटा भंगारात गेला (जागा नव्हती), पण लाल-पांढऱ्या प्लास्टिकचा हा खोका चौदाव्या मजल्यावर सुखरूप पोचला. माझा नवरा स्वप्नील सातवीत असताना त्यावर खेळायचा. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९,९९९ गेम’ असं छापलंय. मी मोजले. सात आहेत.

खोका चालू होता. हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. वायर जोडली, बटण दाबलं, पडद्यावर रणगाडा आला आणि साडेतीन वर्षांची आमची मनवा टाळ्या वाजवायला लागली. इतक्या सहज चालणाऱ्या वस्तूत सुधारणेला भरपूर वाव असतो, हे कोणीही मान्य करील.

समितीत तिघं. अध्यक्ष स्वप्नील. सचिव राजरत्न, त्याचा चाळीपासूनचा मित्र, जो लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत काहीतरी ‘लीड’ करतो. आणि सल्लागार दौलतकाका, स्वप्नीलचे चुलते, जे गिरणी बंद पडल्यापासून पूर्णवेळ सल्ला देतात. तिघांचीही हयात गणपती मंडळात गेलेली. त्यामुळे सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय चहासुद्धा मागवला जात नाही. (चहा करणाऱ्या व्यक्तीला मताचा अधिकार नव्हता.)

पहिल्याच बैठकीत मूलभूत प्रश्न निघाला: कोणती सुधारणा करण्याजोगी आणि कोणती नाही? राजरत्नने कसोटी मांडली. पाहुणा दारात उभा राहून चपला काढत असताना त्याला जी दिसते, ती सुधारणा. बाकी सगळी नुसती दुरुस्ती. इतकी स्वच्छ व्याख्या मी एमएच्या दोन वर्षांत ऐकली नव्हती.

त्यानुसार निर्णय झाले. पारदर्शक कवच, आतलं सगळं दिसावं म्हणून: मंजूर. आतले फुगलेले कपॅसिटर बदलणं: नामंजूर (फुगलेले ‘एकदम विंटेज दिसतात’). नव्या टीव्हीसाठी एचडीएमआयचा बोर्ड: मंजूर. त्यामुळे रणगाडा आता इतका स्पष्ट दिसतो की तो मुळात रणगाड्यासारखा नव्हता हे कळतं. बिनतारी रिमोट: मंजूर. सात रंगांत आळीपाळीने पेटणारे दिवे: मंजूर, टाळ्यांसह. या सगळ्यामुळे खोका तापू लागला म्हणून पंखा: मंजूर, कारण पंख्यातही दिवे होते.

एवढ्या प्रगतीला वीज पुरवणारा अडाप्टर मात्र मूळचाच राहिला. काळा, अर्ध्या विटेएवढा, वायरीला तीन ठिकाणी चिकटपट्टी. तो टीव्हीच्या मागे जमिनीवर पडलेला असतो. दारातून दिसत नाही.

मी मनवाची आई असल्यामुळे माझं लक्ष रणगाड्यापेक्षा जमिनीपासून दोन फुटांच्या आत काय काय आहे, याकडे जास्त. अडाप्टरवर तळहात ठेवायचा आणि सोसेल तोवर आकडे मोजायचे, अशी शास्त्रीय पद्धत मी बसवली. मूळ स्थितीत तीसपर्यंत. एचडीएमआयनंतर अठरा. दिव्यांनंतर नऊ. पंख्यानंतर चार. ही आकडेवारी मी पाचव्या बैठकीत चहासोबत सादर केली.

“अगं, जुनी माणसं तापतातच,” स्वप्नील म्हणाला. “पप्पांना आपण बदलतो का?”

“वहिनी, ओरिजिनल पीस आहे तो,” राजरत्न म्हणाला. “तो काढला तर सेटला काय अर्थ राहिला? अख्खी हिस्टरी गेली ना!”

“गो श्रेया,” दौलतकाका बशीत चहा ओतत म्हणाले, “ह्यो अडाप्टर तुझ्या लग्नाच्या आधीचो. गरम होता म्हणजे जिवंत असा. थंड पडलो की मगे काळजी करूची.”

“आणि काका, मनवाचा हात लागला तर?”

“एकदा लागलो काय ती परत लावची नाय.”

या शैक्षणिक धोरणाला तिथल्या तिथे अनुमोदन मिळालं.

मग मी माझ्या अधिकारात एक सुधारणा केली. अडाप्टरच्या समोर पोळपाट उभा केला आणि पुढून तांदळाचा डबा टेकवला. ही व्यवस्था एकोणीस दिवस टिकली. (पोळ्या ओट्यावर लाटल्या. त्यांच्या आकारात झालेला फरक एकाही सभासदाने नोंदवला नाही.)

उद्घाटन रविवारी सकाळी अकराला ठरलं. ‘कु. मनवा हिच्या शुभहस्ते’ अशी पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरली. बावीस माणसं येणार होती. पावणेअकराला सचिवांनी दारात उभं राहून, एका पायात चप्पल ठेवून, अंतिम पाहणी केली. त्यात पोळपाट दिव्यांच्या आड येतो असं आढळून आलं. अध्यक्षांनी सुचवलं, सल्लागारांनी अनुमोदन दिलं, पोळपाट आणि डबा बाजूला झाले. मी त्या वेळी स्वयंपाकघरात बावीस कप पुसत होते.

नारळ फुटला. मनवाने बटण दाबलं. दिवे लागले. टाळ्या चालू असतानाच उद्घाटिका दिव्यांचा उगम शोधत टीव्हीच्या मागे गेली. त्यानंतर किंकाळी, जळका वास आणि घरभर वीज गुल, या क्रमाने घटना घडल्या.

मी उद्घाटिकेला घेऊन नळाखाली उभी असल्याने पुढची चर्चा मला इतिवृत्तातूनच कळली. नुकसान पुढीलप्रमाणे: (१) अडाप्टर, पूर्ण वितळला. (२) टीव्हीचा एक पोर्ट, संशयास्पद. (३) फरशीवर तपकिरी डाग, व्यास साडेतीन इंच. (४) मनवा, उजव्या हाताचं बोट, एक. कवचाला ओरखडाही न गेल्याबद्दल समितीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला. नवा अडाप्टर दुसऱ्याच दिवशी लॅमिंग्टन रोडवरून आला. तो मंजूर व्हायला मिनिटही लागलं नाही, कारण त्यात निळा दिवा आहे. डागावर रणगाड्याचं स्टिकर लावावं की डाग ‘हिस्टरी’ म्हणून तसाच ठेवावा, यावर अजून एकमत नाही.

ही हकीकत मी आजवर एकतीस जणांना सांगितली. पारदर्शक कवच कुठे मिळतं, असं अकरा जणांनी विचारलं. नऊ जणांना बिनतारी रिमोटची माहिती हवी होती. गेम आता चालतो का, हे सात जणांनी विचारलं. उरलेल्या चौघांकडे तसलाच खोका माळ्यावर पडलाय, तो उतरवायचा म्हणतात.

तुम्हीही इथवर वाचत आलात. डागाचा व्यास तुमच्या लक्षात असेलच, आणि त्याचं पुढे काय करावं याबद्दल मतही झालं असेल.

बोट बरं आहे. फोड फुटला, नवी कातडी येतेय.

विचारल्याबद्दल आभारी आहे.