धबधब्याकडे पाठ करून

अंदमानच्या जंगलसहलीतली एकच जागा उरली होती, आणि ती पटकावायला अम्मारा वडिलांची स्कूटर घेऊन सकाळी आठलाच सोमाटण्याहून निघाली. कॉलेजातल्या सरांची अट साधी होती: आपल्याच भागातला, फारसा कुणाला माहीत नसलेला धबधबा शोधायचा आणि संध्याकाळी पाचच्या आत व्हिडिओ पाठवायचा. ज्याला आपलं रान ठाऊक नाही त्याला बेटावरचं दाखवून काय उपयोग, असं सरांचं म्हणणं. अम्माराला ते इतकं पटलं होतं की नवे बूट तिने आठवडाभर घरातच घालून रुळवले होते.

लोणावळ्याच्या मागे जिथे डांबर संपतं तिथे स्कूटर लावून ती चालत सुटली. धुकं असं की स्वतःचे बूटही दिसेनात. धबधब्याचा आवाज मात्र येत होता, तोही चारही दिशांनी. अम्मारा हरखून गेली. तासाभराने धुक्यातून एक घर पुढे आलं. पडवीत वीसेक माणसं न्याहारीला बसली होती.

"मावशी, धबधबा कुठंय?" तिने वाढणाऱ्या मुक्ताबाईंना विचारलं.

"हाय की. कुटं पळून जातोय? आदी चार घास खा."

तांदळाची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि ठेचा. काय हा पाहुणचार, असं म्हणत अम्माराने तीन भाकऱ्या हाणल्या. हात धुतला, तेवढ्यात मुक्ताबाईंच्या मालकांनी, भिमाजी आबांनी, त्या ओल्या हातात भाताच्या रोपांची मूठ ठेवली.

"चला."

"कुठे?"

"खाचरात. इर्जिक हाय न्हवं आज. जेवलीस ना?"

आता घोटाळा उघड झाला. इर्जिकीला गाव एकाच्या शेतावर फुकट राबतं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, ही इथली रीत. जो पंगतीला बसला तो चिखलात उतरणार, यात विचारायचं काही नसतं. अम्माराने तर तीन भाकऱ्यांनी स्वतःला बांधून घेतलं होतं.

"आबा, मला पाचच्या आत धबधबा गाठायचाय. बेटावर जायचंय मला."

"जाशील. पर धुक्यात एकलीला सोडत न्हाई मी, तिकडं कडा हाय. लावणी उरकली की सोता नेतो."

नवे बूट पडवीत राहिले. अम्मारा बायकांच्या रांगेत वाकली. रोप टोचायचं, एक पाऊल मागे सरकायचं, पुन्हा टोचायचं. सगळी रांग पाठमोरी मागे मागे सरकत होती. पहिल्या अर्ध्या तासात ती दोनदा चिखलात बसली आणि रांगभर हशा पिकला. तिलाही मजा येऊ लागली होती, पण दर दहा मिनिटांनी ती मान वर करून विचारायची.

"मावशी, किती लांब आहे अजून?"

"जवळ आला की. लाव तू."

"मघाशी पण हेच म्हणालात."

"मग? मघापरीस जवळ आला."

तिकडे सोमाटण्यात अम्माराचे अब्बा, गुलजारभाई, शिलाई मशिनवर बसून फोनमधल्या ठिपक्याकडे बघत होते. लेक एकटी जाणार तर तिचा ठिकाणा फोनवर दिसलाच पाहिजे, ही त्यांची अट होती. आणि तो ठिपका दोन तासांत चाळीस पावलं सरकला होता, तीही थांबत थांबत. पोरगी जखमी होऊन सरपटतेय, या खात्रीने त्यांनी शेजाऱ्याची मोटरसायकल उचलली. दुपारी धुकं खाचरापुरतं विरळलं तेव्हा ते धापा टाकत पडवीत पोचले. मुलगी चिखलाने माखलेली, पण गाणी म्हणतेय, हे बघून त्यांच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ भूक लागली.

"अब्बा, खाऊ नका!" अम्मारा खाचरातून ओरडली.

तोवर गुलजारभाईंची दुसरी भाकरी संपत आली होती.

"सरळ लावा हं, भाऊ," मुक्ताबाई रोपं देत म्हणाल्या.

"बाई, तीस वर्षं सरळ शिलाई मारतोय. माझी ओळ बघून घ्या."

साडेचार वाजले. अम्माराला रडू यायला लागलं होतं. बेट गेलं, जागा गेली, आणि पदरात काय, तर कंबरदुखी. तिने शेवटच्या मुठीतलं रोप टोचलं, पाऊल मागे टाकलं आणि टाचेला बर्फासारखं पाणी लागलं. पाठीवर तुषार उडाले.

"आता वळ मागं," भिमाजी म्हणाले. "नेतो म्हनलं हुतं ना?"

ती वळली. पायाशीच डोह होता, आणि धुकं फाडत कड्यावरून अख्खा धबधबा तिच्या अंगावर कोसळत होता. दिवसभर ती पावलापावलाने त्याच्याकडेच सरकत आली होती. तिला इतका आनंद झाला की फोन अब्बांच्या हातात कोंबून ती चिखलाच्या कपड्यांनिशी डोहात शिरली.

"अब्बा, व्हिडिओ!"

गुलजारभाईंनी व्हिडिओ काढला आणि ठिपक्यापुरतं असलेलं नेटवर्क व्हिडिओला पुरेना, म्हणून फोन घेऊन ते टेकडीवर धावले. पाचला तीन मिनिटं कमी असताना तो गेला. त्यात चिखलाने माखलेली अम्मारा आणि धबधबा चार सेकंद होते, बाकी दोन मिनिटं गुलजारभाईंची ओळ.

सरांचं उत्तर लगेच आलं. 'जागा तुझी, अम्मारा. चालून गेलीस, राबून पोचलीस, आवडलं. पण कडेची ती नागमोडी ओळ कुणी लावली?'

गुलजारभाईंनी ते दोनदा वाचलं आणि पुसून टाकलं.

"काय म्हणाले सर?" अम्मारा खालून ओरडली.

"जागा मिळाली!"

"आणखी काही?"

"नाही," गुलजारभाई म्हणाले. "नेटवर्क गेलं."