वाढपी अस्वल आणि जंगलाची वाढ

एका जंगलात, बाळांनो, सगळं सगळ्यांचं होतं. झाडं सगळ्यांची, ओढा सगळ्यांचा, आणि वडाखालचा मोठा हंडाही सगळ्यांचा. म्हातारा सिंह तसं रोज सांगायचा आणि सगळे रोज माना हलवायचे.

काम सगळ्यांना होतं. घुबडाकडे दिवसाची राखण होती. कासवाकडे टपाल होतं. पावसाळ्यात दिलेला निरोप उन्हाळ्यात पोचायचा, पण कासवाला कुणी रागावत नसे. घाई कुणालाच नव्हती.

ज्याला जे सापडेल ते तो हंड्यात आणून टाकायचा. जोंधळा, वरी, एखादा कंद. त्याच्या कण्या शिजायच्या आणि संध्याकाळी पंगत बसायची. कण्या इतक्या पातळ, की पान जरा कलतं झालं तर पळत सुटायच्या. सिंहाच्या आणि हंड्याच्या कारभाऱ्याच्या पानात मात्र तळच्या, घट्ट पडायच्या. हा कारभारी म्हणजे रंगराव तरस.

वाढायचं काम तुळाजी अस्वलाकडे होतं. लाकडी पळी घेऊन तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि प्रत्येकाला म्हणायचा, "सावकाश होऊ दे." अगदी शेवटी भागाआजी बसायची. ती सायाळ होती. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि काटे टोचतात म्हणून तिच्या शेजारी कुणी बसत नसे. तिच्यासाठी तुळाजी एक पळी तळातून काढायचा. रंगरावाला ते कळायचं. पण तो स्वतःच तळचं खाणारा, बोलणार काय?

मग एका थंडीत सिंह वारला. पातळ कण्यांना सगळे कंटाळलेच होते. त्याच थंडीत डोंगरापलीकडून एक करकोचा आला. त्यानं पुष्कळ जंगलं पाहिली होती, म्हणून सगळे त्याला करकोचेसाहेब म्हणू लागले. साहेबांनी हंड्यात आपला लांब पाय बुडवला. कण्या घोट्याला लागल्या. त्यांनी मान हलवली.

"या जंगलात वाढच नाही," ते म्हणाले.

"खरं आहे हो," माकडीण म्हणाली. "दुसऱ्यांदा मागितलं तर हा तुळाजी पुढं निघून जातो."

साहेबांनी सांगितलं की आता भरपूर वाढ होईल, प्रत्येकाला नवं काम मिळेल, फक्त थोडी कळ सोसा. त्या संध्याकाळी सगळे पानं पुसून वेळेआधीच येऊन बसले.

साहेबांनी मग समजावलं, की जे सगळ्यांचं असतं ते कुणीच घासत नाही. हंड्याला एक मालक हवा. हंड्याचा अनुभव कुणाला? फक्त रंगरावाला. कालपर्यंत रंगराव 'आपला हंडा' म्हणायचा, आता 'माझा हंडा' म्हणू लागला. तेवढा एक शब्द बदलला, आणि साहेब म्हणाले, सुधारणा झाली.

घुबडाचं काम गेलं, कासवाचं गेलं. कासवाला ते थोडं उशिरा कळलं. मग तुळाजीची पाळी आली. त्यानं विचारलं, माझं काय चुकलं? साहेब प्रेमानं म्हणाले, "चुकलं काही नाही रे. आता वाढ आपोआप होणार. मग वाढपी कशाला?"

तुळाजीनं पळी धुतली आणि वडाला टेकवून ठेवली.

जनावरं येताजाता मुळं चावून पोट भरत आणि सापडलेला दाणा न् दाणा हंड्यात आणून टाकत. वाढ व्हायची होती ना! साहेबांनी पुन्हा पाय बुडवला. कण्या गुडघ्याला लागल्या.

"वाढ झाली," साहेबांनी जाहीर केलं.

पंगतीच्या टोकाकडून भागाआजीनं विचारलं, "कुणाच्या पानात?"

साहेब म्हणाले, की वाढ अशी एकेकाच्या पानात दिसत नसते, ती एकूणात असते.

"असेल बाबा," आजी म्हणाली. "मला तसंही दिसत नाही, म्हणून विचारलं."

एकूणातली वाढ खाऊन खाऊन रंगराव एवढा फुगला, की त्याला हंड्यात वाकता येईना. वाढायला कुणीतरी हवं झालं. तुळाजीला बोलावणं गेलं. साहेबांना आनंद झाला. त्यांनी सगळ्यांना सांगितलं की बघा, रोजगार निघू लागला. मग तुळाजीच्या खांद्यावर पंख ठेवून ते म्हणाले, "एकच ध्यानात ठेव. काही झालं तरी वाढ थांबता कामा नये."

तुळाजीला हे लगेच पटलं. साहेबांचं एवढं एकच बोलणं त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळलं होतं.

संध्याकाळी त्यानं रंगरावाचं पान भरलं. पुन्हा भरलं. पान भरून वाहू लागलं. रंगराव डोळे मिटून खात होता. वाढ तर थांबवायची नव्हती. म्हणून तुळाजी शेजारच्या पानाकडे वळला. ते सशाचं होतं. मग माकडिणीचं, घुबडाचं, कासवाचं. हंडा ओढत ओढत तो टोकाला पोचला आणि तळातून एक पळी काढली.

"सावकाश होऊ दे, आजी."

आजीनं पंजानं पान चाचपलं. "आलास होय तू," ती म्हणाली आणि जेवू लागली.

त्या संध्याकाळी पंगतीत सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

रंगरावानं डोळे उघडले आणि आणखी मागितलं. हंडा रिकामा होता. तो ओरडला तसे साहेब धावत आले. त्यांनी पाय बुडवला. नखंसुद्धा भिजली नाहीत.

"हे काय केलंस तू?"

तुळाजीनं हात जोडले. "तुम्हीच म्हणालात साहेब, वाढ थांबता कामा नये. मी कुठंच थांबलो नाही."

"अरे, ही वाढ नव्हे!" साहेब म्हणाले.

तुळाजीची नोकरी तिथल्या तिथं गेली. थंडी सरली तसे साहेब दुसऱ्या जंगलाला वाढ द्यायला उडून गेले. इकडे पंगत अजून रोज बसते. पानं अगदी स्वच्छ असतात. आणि टोकाला बसलेली एक आंधळी सायाळ पावलांचा आवाज ऐकत असते.

तात्पर्य: भरल्या पानात पडते ती वाढ, रिकाम्या पानात पडतं ते नुकसान. आणि मोठ्यांच्या बोलण्याचा, बाळांनो, साधा अर्थ कधी घेऊ नये. नोकरी जाते.