पिवळ्या टाचांच्या मागे

"बाबा, खिंड यायच्या आत आईला सांगा हं. तिथून खाली बस जाते आणि वर पायवाट पुढे जाते. तुम्ही बोलला नाहीत, तर मला गुपचूप बसमध्ये बसावं लागेल."

लेक ओढ्याकाठी कुजबुजली आणि बूटवाल्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बुटांच्या दुकानात ते फळ्यांपाशी असायचे आणि बायको गल्ल्यावर. बोलायचं खातं पहिल्यापासून गल्ल्याकडे. लेकीला ही लांबलचक डोंगरवाट शेवटापर्यंत एकटीने चालायची होती, चांगले दोन महिने. आईबाप खिंडीपर्यंत सोबतीला आले होते, पण पुढचा बेत आईच्या कानावर घालायची हिंमत दोघांतही नव्हती. ते काम आज बापाच्या गळ्यात पडलं होतं.

आणि ओढ्यानंतरची दरीकाठची चढण कसली, उभी भिंतच! बूटवाल्यांनी टोक बघायला मान वर केली, तर टोपी मागे पडली. ती उचलताना खाली लक्ष गेलं आणि ते वाकलेलेच राहिले. पायांखाली, पार खोल, एक घार तरंगत होती. तिची पाठ दिसत होती! जन्मभर माणूस घारीचं पोट बघतो. तपकिरी, उन्हात चमकणारी ती पाठ इतकी सुंदर होती की बूटवाले क्षणभर घाबरायचंच विसरले. मग आठवण झाली आणि ते कातळाला चिकटले.

त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, वर बघायचं नाही, खालीही नाही. पुढे चाललेल्या लेकीच्या बुटांच्या टाचांवर नजर ठेवायची, बास.

टाचा भडक पिवळ्या होत्या. जांभळे बूट, पिवळी टाच; गिऱ्हाईक बघूनच पळायचं. एकाच मापाचे दोन जोड दुकानात पडून होते. एक लेकीला दिला, एक बायकोला. एरवी टाच कशी झिजलीय हे बघून बूटवाले माणूस ओळखायचे. पण हे बूट कोरे करकरीत, झिजायला वेळच मिळाला नव्हता.

मधल्या सपाट दगडावर ते डोळे मिटून पाणी प्यायले. तेवढ्यात लेक नाडी बांधायला बाजूला बसली आणि मागची बायको ताडताड पुढे निघून गेली. बूटवाल्यांनी डोळे उघडले, पिवळ्या टाचांवर नजर धरली आणि चालू लागले.

"हळू बोलतो हं पोरी," ते म्हणाले, "आई मागेच आहे."

टाचा जरा अडखळल्या.

"थांबू नकोस गं! थांबलीस की मला दरी दिसते. काय सांगत होतो, तुझ्या आईशी बोलण्यापेक्षा ही दरी परवडली. तू आपली जा पुढे. दोन महिने हिंड. मी तिला समजावतो. म्हणजे, बघतो."

टाचेखालचा एक खडा जरा जास्तच जोरात मागे आला.

"लोकांना वाटतं मी तिला भितो. तसं नाही. ती इतकी हुशार आहे की तिच्यापुढे माझं बोलणं मलाच फुसकं वाटतं. घोरते मात्र भयंकर! काल वारा नव्हता, तरी तंबू हलत होता."

आणखी एक खडा आला. बूटवाल्यांनी तो चुकवला.

"लग्न झालं तेव्हा तिलासुद्धा असंच डोंगर बघत फिरायचं होतं. मी तिला गल्ल्यावर बसवलं. कधी कुरकुरली नाही, आणि मी मेल्याने कधी विचारलं नाही. त्याचं फार वाईट वाटतं गं. निदान तू तरी जा."

पुढून नाक ओढल्याचा आवाज आला.

"सर्दी झाली वाटतं. घे रुमाल." खाली बघतच त्यांनी रुमाल पुढे केला. तो घेतला गेला.

खिंडीतला वारा एकदम अंगावर आला. टाचा थांबल्या आणि गर्रकन वळल्या. आता समोर बुटांची टोकं होती.

"झालं बोलून?"

हा आवाज गल्ल्यावरचा होता! बूटवाल्यांनी दचकून मान वर केली. बायकोचा चेहरा दिसला आणि तिच्यामागे... बाप रे! डोंगरामागे डोंगर, त्यामागे आणखी डोंगर, निळे होत होत आभाळात विरलेले. ढगांच्या सावल्या त्यांच्यावरून सावकाश सरकत होत्या. एवढं मोठं जग इथे बिनबोभाट उभं होतं आणि आपण टाचा बघत बसलो! त्यांचे डोळे भरून आले. भीती कुठल्या कुठे गेली. दोघंही बघत राहिली.

लेक धापा टाकत वर पोहोचली. "बाबा, आईला सांगितलंत?"

"सांगितलं की! अगदी तोंडावर."

"तोंडावर कसलं, टाचेवर," बायको म्हणाली. तिने लेकीच्या पिशवीचा पट्टा घट्ट केला, उरलेला खाऊ आत कोंबला. "जा. रोज फोन कर. आणि सगळं नीट बघ, माझ्याही वाटचं."

लेक आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पडली आणि निघाली. दोन पिवळे ठिपके दूरच्या वळणाआड जाईपर्यंत बूटवाले मान ताठ ठेवून बघत होते.

"अगं, ते घोरण्याचं मी आपलं..."

"चला, बस निघून जाईल." बायको थांब्याकडच्या उताराला लागली. चार पावलं जाऊन थांबली, मागे न बघताच म्हणाली, "माझ्या मागेच या. आणि बोलत राहा."