मत्ता क्रमांक तेहेतीस

परळच्या भोईवाड्यात श्रमसंचय सहकारी बँक नावाची एक संस्था होती आणि मी तिथे लेजर लिहीत असे. १९५८च्या मार्चअखेर ताळेबंद जुळवताना मत्तेच्या बाजूला अठरा हजार चारशे बारा रुपये सदतीस नये पैसे कमी भरले. ते कुठे गेले हे सगळ्यांना ठाऊक होतं. चेअरमन नानासाहेबांच्या मेहुण्याने त्यातून दोन टॅक्स्या घेतल्या होत्या आणि दोन्ही रोज आमच्या दारावरून जात. पण टॅक्सी नजरेला पडते म्हणून बँकेच्या मत्तेत धरता येत नाही.

मॅनेजर रमाकांत सबनीस बी.कॉम. होते. तीन दिवस डोकं खाजवून त्यांनी मत्तेच्या बाजूला एक ओळ लिहिली: बँकेचा नावलौकिक, रुपये १८,४१२.३७. नावलौकिक नये पैशापर्यंत अचूक निघाल्याबद्दल संचालक मंडळाने त्यांच्या अभिनंदनाचा ठराव केला.

ऑडिटर रघुवीर ताम्हाणे मात्र चिकट माणूस. ते म्हणाले, "नावलौकिक ही अमूर्त मत्ता आहे, मान्य. हात लावून दाखवा असं मी म्हणत नाही. पण आहे कुठे, ते तरी दाखवाल?"

सबनीसांनी त्यांना चेअरमनसाहेबांचा हार घातलेला फोटो दाखवला. ताम्हाण्यांनी मान हलवली आणि ते खुर्ची घेऊन दाराशी जाऊन बसले. त्या दिवशी गिरण्यांचा पगार होता.

दाराशी स्टुलावर आमचा शिपाई कोंडीराम शेलार बसे. पाटण तालुक्यातला, वय साठ. गिरणीतली माणसं गावागावाच्या खोल्या करून राहत, आणि पैसा कुठे ठेवायचा ते गावातला वडीलधारा सांगे. पाटणकडच्या साऱ्या खोल्यांत तो वडीलधारा म्हणजे कोंडीराम.

"काय रं लवू, आईचा दमा कसा हाय?"

"हाय बरा, कोंडीबा."

"मग टाक पाच रुपये. खिशात ठेवलंस तर शनवारपातूर उरायचं न्हाईत."

लवूने टाकले. पासबुकात किती मांडले ते पाहिलंसुद्धा नाही. बँक बंद होईपर्यंत ताम्हाण्यांनी एकशे तेरा माणसं मोजली. त्यांतल्या एकानेही मॅनेजरच्या केबिनकडे ढुंकून पाहिलं नाही.

"सापडला," ताम्हाणे म्हणाले आणि त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर मागवलं. एकतीस नंबरला भिंतीवरचं घड्याळ होतं, बत्तीसला पाण्याचा माठ. तेहेतिसावी नोंद मी माझ्या हाताने केली: नावलौकिक, नग एक, ठिकाण दाराजवळचं स्टूल. घसारा किती टक्के धरायचा यावर जरा अडलं. मुंबई कोणत्या राज्यात जाणार हे ठरेपर्यंत दर ठरवू नये, असा शेरा ताम्हाण्यांनी मारला. तेव्हा सगळ्याच कचेऱ्यांतली नको असलेली कामं त्या एका प्रश्नापाशी येऊन थांबत, आमचंही थांबलं.

घोळ पुढच्याच आठवड्यात झाला. कोंडीरामने निवृत्तीचा अर्ज दिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि गावी बायको बकुळा एकटी होती. सुटकेचं पत्र मिळालं की फंडाचे सातशे रुपये हाती येणार, त्यात डोळे करून घ्यायचे आणि गावी जायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

सबनीसांनी अर्ज दोनदा वाचला. "कोंडीराम, तू गेलास तर अठरा हजार खोडावे लागतील."

"मी कवा घेतलं अठरा हजार, साहेब?"

"घेतले नाहीस. तू अठरा हजार आहेस."

प्रकरण संचालक मंडळाकडे गेलं. मंडळाने माणुसकीने विचार केला. शिपाई म्हणून अर्ज मंजूर झाला. मात्र नावलौकिक इमारतीबाहेर नेता येत नाही, सबब मत्ता म्हणून तोच अर्ज नामंजूर. शिपाई निवृत्त झाल्यामुळे पगार बंद झाला. मत्तेला पगार नसतो, पण देखभाल खर्च असतो, तेव्हा घड्याळाच्या तेलपाण्याच्या खात्यातून महिना आठ रुपये मिळू लागले. डोळ्यांच्या खर्चाबद्दल मंडळाने कळवलं की डोळे शिपायाचे असून तो आता सेवेत नाही. सुटकेचं पत्र अर्थातच अडकलं आणि फंड त्याच्यामागे अडकला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. मी तसं घरी बायकोला, नलूला, बोलूनही दाखवलं.

कोंडीरामने शेवटी वार्षिक सभेला अर्ज केला. सभासद म्हणजे त्यानेच आणलेली माणसं, ती आपल्याला सोडतील अशी त्याची खात्री होती. सभा म्युनिसिपल शाळेच्या हॉलमध्ये भरली. आधी संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा झाल्या, हात वर झाले. मग नानासाहेबांनी प्रश्न सरळ मांडला: कोंडीरामला सोडलं तर यंदा लाभांश नाही; ठेवलं तर सहा टक्के.

लवू उठून म्हणाला, "कोंडीबा आमाला बापासारका. आमी त्याला जाऊ कसं देणार?"

हॉलभर टाळ्या पडल्या. ठेवावा म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं नानासाहेब म्हणाले.

हात मोजायचं काम दरवर्षी कोंडीरामकडेच असे, त्याही वर्षी होतं. लांबचं दिसत नसल्याने तो प्रत्येकाच्या पुढ्यात जाऊन, तोंडाजवळ तोंड नेऊन ओळख पटवी आणि कागदावर रेघ ओढी. एकही माणूस चुकवला नाही. माझे पाच शेअर होते आणि नलूला नवा स्टोव्ह हवा होता. माझ्यापाशी येऊन तो क्षणभर थांबला.

"लेजरवालं साहेब व्हय? हात जरा सरळ धरा, मोजाया बरं पडतं."

मी सरळ धरला.

तुम्ही असतात तर हात खाली ठेवला असतात, असं तुम्हाला वाटत असेल. सहा टक्के ऐकेपर्यंत मलाही वाटत होतं. तुमचंही कुठल्या तरी बँकेत खातं असेलच, व्याजही वेळेवर जमा होत असेल. मग तिथे दाराशी जो बसतो, त्याचं नाव सांगा बघू.