सुमनताई डॉक्टर घेऊन आल्या

शाळेच्या समाजसेविका सुमनताई डॉक्टरांना घेऊन गल्लीत शिरल्या, हे कळताच ज्ञानदेव कपातला चहा तसाच टाकून माळ्यावर चढला. एकोणीसशे शहात्तर, आणीबाणीचं साल होतं. नसबंदीसाठी माणसं घरातून उचलून नेतात, याखेरीज भोसरीत दुसरं बोलणं नव्हतं.

"अवो, पोरगी शाळंत जात न्हाई म्हणून आल्यात त्या," त्याची बायको रंभा खालून म्हणाली.

"पोरीचं निमित्त गं! शेजारच्या कोंडाजीला असंच नेलं. सांग, शिफ्टला गेलाय."

तिकडे सुमनताईही भीतभीतच येत होत्या. मागच्या वेळी समजूत घालायला आलेल्या मास्तरांच्या मागे हा बाप पान्हा घेऊन धावला होता, असं त्यांना शाळेत सांगितलं होतं.

"मालक घरात नाहीत ना?" त्यांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"शिफ्टला गेल्यात."

"बरं झालं!" म्हणत सुमनताई आत येऊन बसल्या. पण दाराजवळच.

रंभाची पोरगी कस्तुरा तेरा वर्षांची. शाळेच्या नावानं निघायची आणि दिवसभर वर्कशॉपमागच्या टवाळ पोरांत बसायची. बरंच चुचकारल्यावर ती पुटपुटली, "फळ्यावरचं दिसत न्हाई. घरी सांगितलं तर आबा मारतील."

डॉक्टरांनी बॅग उघडली. "भिऊ नकोस. दुखणार नाही, दोन मिनिटांचं काम." मग रंभाकडे वळून म्हणाले, "हिच्या वडिलांनाही एकदा धरून आणा. त्यांचंही उरकून टाकू."

माळ्यावर ज्ञानदेवाला ते ऐकू गेलं. मागच्या झरोक्याकडे सरकावं म्हणून तो वळला आणि पिठाच्या डब्यासकट धाडकन खाली आला.

सुमनताई किंचाळून रंभाच्या पाठीमागे दडल्या. "भाऊ, मारू नका! मी जाते!"

पांढराफटक ज्ञानदेव हात जोडून ओरडला, "ताई, सोडा मला! आजपास्नं न्हाई कुणाला मारणार!"

"अहो, मी डोळ्यांचा डॉक्टर आहे," डॉक्टर म्हणाले.

आठवड्यानं शाळेतर्फे कस्तुराला चष्मा मिळाला. सुमनताईंनी स्वतः वर्गात तो तिच्या नाकावर बसवला. ज्ञानदेव जरा लांबच उभा होता, कारण सोबत डॉक्टर होते.

कस्तुरानं फळा पाहिला, खिडकीबाहेरचा लिंब पाहिला. मग बराच वेळ ती बापाकडे बघत राहिली.

"काय गं?" त्यानं दरडावलं.

"काय न्हाई, आबा," ती हसून म्हणाली. "लांबनं तुमी लई रागीट वाटायचा. तुमी तर नुसतं भ्यालेलं दिसताय."